घोड्याच्या खुरातलं भोक

डाग दिसला की आपल्याला चैन पडत नाही. बागेच्या अधीक्षकाचंही तसंच होतं. बागेत ब्राँझचा मोठा घोडा होता, मागच्या दोन पायांवर उभा ठाकलेला, पाठीवर स्वार. घोड्याच्या मागच्या एका खुरात भोक होतं. दर पावसाळ्यात त्यातून तपकिरी पाणी झिरपायचं आणि पांढरा चौथरा खराब व्हायचा. लोक नाकं मुरडायचे, साहेब झापायचे. शेवटी अधीक्षकाने ते भोक सिमेंटने बुजवून वरून रंगाचा हात मारला. चौथरा लख्ख झाला आणि साहेबांनी पाठ थोपटली.

काही वर्षांनी त्याची मावशी राहायला आली. संग्रहालयातले जुने पुतळे दुरुस्त करण्यात तिची उभी हयात गेली होती. अधीक्षक मोठ्या कौतुकाने तिला घोडा दाखवायला घेऊन गेला. त्याची लेक पुढे पळाली आणि चौथऱ्यावर चढून घोड्याच्या पोटाखाली जाऊन बसली. तिची ती रोजचीच जागा.

मावशीने घोड्याच्या पायावर टिचकी मारली. मग थोडी वर, मग गुडघ्यापाशी. तिथे बारीक चीर होती. मावशीने झटकन हात मागे घेतला.

"पोरीला खाली घे," ती हळूच म्हणाली. "ओरडू नकोस. दचकली तर पायालाच धरेल."

अधीक्षकाने कसंबसं हसून हात पुढे केले. लेक आळोखेपिळोखे देत, पायाला टेकत उठली, तेव्हा त्याने डोळेच मिटले. ती कडेवर येताच तो तिला घेऊन चौथऱ्यापासून लांब सरला.

खुरातल्या सिमेंटकडे बोट दाखवून, भोक कुणी बुजवलं, असं मावशीने विचारलं. त्याने मान खाली घातली.

"अरे, आत शिरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून ठेवलं होतं ते. घोड्याचं वजन पेलणारी आतली लोखंडी कांब पाण्यात कुजतेय. गंज फुगला की ब्राँझसुद्धा फाटतं."

उद्या याच घोड्याखाली शाळेची मुलं गाणार होती. कार्यक्रम रद्द केला तर साहेब नोकरीवरून काढतील, अशी त्याला भीती वाटली. मग त्याने कडेवरच्या लेकीकडे पाहिलं आणि साहेबांना फोन लावला. "साहेब, भोक मीच बुजवलं. बाग आजपासून बंद ठेवतोय." पलीकडून बराच वेळ आरडाओरडा चालला होता. त्याने तो ऐकून घेतला आणि फाटकाला कुलूप घातलं.

घोड्याला टेकू देऊन जाणकारांनी सिमेंट फोडलं, तेव्हा काळं पाणी भळाभळा वाहिलं. त्यात लोखंडाचे पापुद्रे होते. पुढे कांब बदलली, चीर सांधली. भोक मात्र मोकळंच ठेवलं.

मंडळी, डाग झाकणं म्हणजे जपणूक नव्हे! तो का पडतो हे आधी जाणकाराला विचारावं. आता पाऊस पडला की अधीक्षक सगळ्यात आधी चौथऱ्याकडे धावतो, आणि भोकातून आलेला ओघळ दिसल्यावरच त्याच्या जिवात जीव येतो.