सातव्या वाटीतलं पाणी

एकाच डबीतली पूड तीन वाट्यांत भरली आणि आकडे आले तीन. अकरा टक्के, साडेबारा, चौदा. माझं डोकंच चालेना.

आमचं काम तसं सरळ आहे. झिओलाइट नावाचा सच्छिद्र दगड दळून सिमेंटमध्ये मिसळतात. ते मिश्रण घट्ट झालं की त्याची पूड करायची, नखाएवढ्या वाटीत चिमूटभर घालायची आणि भट्टीत तापवायची. भट्टीतच तराजू असतो. तापताना वजन किती घटलं, त्यावरून आत किती पाणी होतं ते कळतं. पूड एक, तर आकडाही एकच यायला हवा ना?

मागच्या महिन्यातही असंच झालं होतं, आणि तेव्हा खापर फुटलं आमच्या तराजूकाकांवर. एकतीस वर्षं नमुने घोटणारा, तोलणारा माणूस. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "काका, पूड नीट मिसळली जात नाहीये. तुमचा हात थरथरतो हल्ली." त्यांना गोदामात डब्यांना चिठ्ठ्या लावायला बसवलं. अहवालात "नमुना एकजीव नाही" हे वाक्य मीच टाइप केलं होतं.

म्हणून या वेळी पूड मी स्वतः घोटली, खांदा भरून येईपर्यंत. तरी तेच! मग भट्टीच्या मशीनवर चिडले. तपासलं, तर ते धुतल्या तांदळासारखं. मग स्वतःवर चिडले, पण त्याचाही उपयोग होईना.

वैतागून एक भरलेली वाटी टेबलावरच्या तराजूवर ठेवली आणि वही शोधायला गेले. परत येते तर वीस मिलिग्रॅमचे वीस पूर्णांक दोन झालेले. खोलीत मी एकटी. हात कोणी लावला? मी बघत असतानाच वीस पूर्णांक तीन झाले. आकडा थांबायलाच तयार नाही. मी उठून खिडकी पाहिली. बाहेर दमट हवा होती आणि खिडकी सताड उघडी.

दगड हवेतलं पाणी पीत होता.

काका पूड बंद बरणीत ठेवायचे, आणि एका वेळी एकच वाटी भरून थेट भट्टीत घालायचे. मी त्यांना गोगलगाय म्हणायचे. दोन महिन्यांपूर्वी नव्या मशीनबरोबर बारा वाट्यांचं ताट आलं, वाट्या भरायचं काम माझ्याकडे आलं, तशी मी हुशारी केली. सकाळीच सगळ्या वाट्या भरून उघड्या मांडायला लागले. एका वाटीला दीड तास लागतो. या पुडीच्या तीन वाट्या ताटात इतर नमुन्यांमध्ये विखुरलेल्या होत्या: पहिली अकरा, चौथी साडेबारा, सातवी चौदा. जितका उशीर, तितकं पाणी. यात काकांचा हात आला कुठे?

मॅडमना तराजूसमोर आणून उभं केलं. त्यांनी बराच वेळ वाढता आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "जा, बोलाव त्यांना."

गोदामात काका चिठ्ठी चिकटवत होते, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून. मी घडाघडा सगळं सांगून टाकलं. "चूक माझी होती, काका. तुमच्या घोटण्यात काहीच खोट नव्हती."

त्यांनी मनगट सोडलं. हात समोर धरून उलटसुलट पाहिला.

"म्हणजे हात बरा आहे माझा?"

"हो, काका."

"महिनाभर नातीला उचललं नाही गं मी," ते म्हणाले. "म्हटलं, पडेल हातून."