पाळीवरची वाट

रुक्माबाईला समोरच्या दुकानातून सुपारी आणायला पाऊण तास लागतो, हे घरच्यांच्या आधी लक्षात आलं ते शेजारच्या दुधरामच्या.

"तुमची माय रोज माया आंगनातून जाऊन राहिली," लोकेंद्रला फाटकाशी गाठून तो म्हणाला. "चपला हातात घेऊन. मोठी बाई हाये, मी काही बोलत नाही. पन समोर सरळ सडक असून माया आंगनातून कायले?"

दुधरामचंही चुकत नव्हतं. गोंदियाच्या बाहेरच्या अंगाला नव्यानं पडलेला मयूर ले-आउट तो. निम्मे प्लॉट अजून रिकामे, नुसते दगड रोवलेले. अनुसयाबाईचं किराणा दुकान लोकेंद्रच्या पुढच्या दारातून दिसायचं. दोनशे पावलं, मधे नाकासमोर डांबरी रस्ता. आंधळ्यानंही जाऊन यावं. पण ही बाई दारातून निघाली की डावीकडे वळायची, रिकाम्या प्लॉटांतून, रेतीच्या ढिगाला वळसा घालून, दुधरामचं अंगण ओलांडून मोठ्या अर्धगोलातून दुकानाला पोचायची. येतानाही तसंच.

लोकेंद्र रहांगडाले राइस मिलमध्ये सुपरवायझर होता. हे घर त्यानं दोन वर्षं स्वतः विटांवर पाणी मारून उभं केलं होतं, आणि घराबद्दल किंवा घरातल्या माणसांबद्दल शेजाऱ्यानं काही बोलावं हे त्याला सोसण्यासारखं नव्हतं. त्यानं निकाल लावून टाकला.

"मायचं डोकं चालत नाही आता," तो बायकोला, ओमेश्वरीला, म्हणाला. "पोळा झाला का गावाले, दवनीवाड्याले, नेऊन सोडतो. उमेंद्रभाऊ पाहून घेईल."

उमेंद्रभाऊ काय पाहणार ते ओमेश्वरीला चांगलं ठाऊक होतं. थोरली जाऊ म्हातारीला मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावणार. हिंडत्या-फिरत्या बाईला वर्षभरही लागलं नसतं संपायला. ओमेश्वरीची सासूवर माया होती. बाळंतपणात सख्ख्या आईनं केलं नाही इतकं रुक्माबाईनं केलं होतं. माय वेडी नाही, हे पोळ्याच्या आत सिद्ध करायचं असं तिनं मनाशी धरलं.

तिच्याकडे साधन होतं. ती ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवायची आणि नागपूरच्या एका कार्यशाळेतून नकाशाचं वेड घेऊन आली होती. इंटरनेटवर एक खुला नकाशा होता, कोणाच्या मालकीचा नाही, कोणीही त्यात आपल्या गल्लीची भर घालावी असा. शहर फुगत चाललं होतं आणि छापील नकाशे कधीच मागे पडले होते. ओमेश्वरी सुटीच्या दिवशी मोबाईल घेऊन नव्या वस्त्यांतून हिंडायची. आपण चाललो ती वाट मोबाईल उपग्रहाच्या आधारानं नोंदवायचा आणि घरी आल्यावर ती रेघ नकाशावर उतरायची. मयूर ले-आउटचे सगळे रस्ते तिनंच काढले होते. तोच मोबाईल तिनं रोज दुपारी, सुपारीच्या वेळेला, सासूच्या पिशवीत टाकायला सुरुवात केली.

आठ दिवसांच्या आठ रेघा तिनं एकावर एक ठेवल्या. वेड्या माणसाची वाट रोज वेगळी पडते. ही पडत नव्हती. असा मोबाईल पाच-दहा मीटरची चूक हमखास करतो, पण आठही रेघा मिळून एक जाड कमान झाली होती, अगदी गुळगुळीत. कोणत्याही प्लॉटशी, रस्त्याशी, कुंपणाशी तिचा संबंध नव्हता.

मग ओमेश्वरीनं जुना नकाशा शोधला. इंग्रजांच्या वेळच्या मोजणीचा एक नकाशा कुठल्याशा परदेशी वाचनालयानं फुकट पाहायला ठेवला होता. तिनं तो आजच्या गोंदियावर बसवला. रेल्वेची लाईन जुळली, जुनं देऊळ जुळलं. आज जिथे दुकानं आणि कोचिंग क्लास आहेत तिथे जागोजागी निळे ठिपके होते. धानाला पाणी देणारे लहान तलाव, आपल्याकडे ज्यांना बोडी म्हणतात ते. त्यातली एक बोडी मयूर ले-आउटच्या बरोबर पोटात होती. रुक्माबाईची कमान त्या बोडीच्या पाळीवर, काठच्या मातीच्या बांधावर, बसली. जराही इकडे नाही, तिकडे नाही. ओमेश्वरीनं जुना नकाशा काढून पुन्हा एकदा बसवून पाहिला.

कारण रुक्माबाई याआधी या भागात जन्मात कधी आलेली नव्हती. ती दवनीवाड्याची, यंदाच्या जेठ महिन्यात पहिल्यांदा इथे राहायला आली होती, आणि बोडी बुजवून तर वीस वर्षं झाली होती. एक खरं, की तिचा नवरा मोहनलाल गावचा पाणकर होता. तलावाचं दार उघडायचं, धानाच्या कोणत्या बांधीला, म्हणजे वाफ्याला, किती पाणी ते पाहायचं, हे त्याचं काम. चाळीस वर्षं तिनं त्याची शिदोरी पाळीवरून नेली. पाळीवर चपला घालायच्या नाहीत, हा त्याचा नियम होता.

"माय," ओमेश्वरीनं तांदूळ निवडता निवडता विचारलं, "दुकानात सरळ सडकेनं काऊन नाही जात?"

रुक्माबाईनं तिच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "पान्यातून जाऊ का?"

"कोनतं पानी?"

"तुमी सारे त्याच्यातूनच चालता न वं. गाड्या नेता. मले वाटे, तुमाले मालूम हाये." ती पुन्हा सुपाकडे वळली. "मी काही बोलली नाही. घर लोकेंद्रचं. त्याले वाईट वाटते."

त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. आषाढ कोरडा गेला, धानाची रोवणी रखडली, ले-आउटच्या रस्त्यांवर धूळ उडत होती. आणि रुक्माबाईची कमान रोज थोडी रुंद होत होती. ओमेश्वरीनं तारखांप्रमाणे रेघांना रंग दिले तेव्हा ते उघड झालं. आषाढातल्या आत, श्रावणातल्या बाहेर. खाली धूळ होती आणि रेघा मात्र काठाकाठानं मागे सरत होत्या, तलाव भरताना माणूस सरतो तशा. कमानीचं एक टोक त्यांच्या पुढच्या दाराशी होतं. श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात ते दाराच्या आत आलं. त्याच दिवशी रुक्माबाईनं आपली खाट पुढच्या खोलीतून उचलून मागे, स्वयंपाकघराच्या पडवीत नेली. त्यानंतर ती मागच्या दारानंच ये-जा करू लागली.

दिवस थोडे उरले होते. ओमेश्वरीनं नवऱ्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि सगळं दाखवलं. लोकेंद्रनं शांतपणे पाहिलं. तो काही मूर्ख नव्हता. पुढचा अर्थ त्याला लगेच कळला.

"म्हनजे माय शहानी असंल, तर मायं घर पान्यात हाये," तो म्हणाला. "असंच न?"

ओमेश्वरीनं दाराच्या आत आलेल्या रेघेवर बोट ठेवलं.

"मोबाईलच खराब हाये तुया. दे इकडे." त्यानं मोबाईल शर्टाच्या खिशात घातला, पुढच्या दारातून निघाला आणि छाती काढून सरळ रस्त्यानं अनुसयाबाईच्या दुकानात गेला. माचिस घेतली आणि तसाच सरळ परत आला. ओमेश्वरी खिडकीतून त्याला पूर्ण वेळ पाहत होती. भर दुपार, वर मोकळं आभाळ.

नकाशावर त्याची रेघ घरातून निघालीच नव्हती. दुकानाच्या पायरीशी ती सुरू झाली होती, तिथे माचिस घेईपर्यंतचे चार-दोन ठिपके, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा कोरं. जाऊन-येऊन चारशे पावलं मोबाईलला उपग्रह दिसलाच नव्हता.

"काऊन असं?" लोकेंद्रनं विचारलं. आवाज जरा उतरला होता.

"तळघरात असं होते," ती म्हणाली. "बोगद्यात होते." तिसरी जागा तिनं सांगितली नाही.

तो भडकला. दोन वर्षं रक्त आटवून बांधलेलं घर, आणि बायको-आई मिळून त्याला बुडवायला निघाल्या आहेत, असं काहीबाही बोलला. ओमेश्वरीला त्याची दयाच आली. पोरगी झोपली तेव्हाच तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातून आली आणि खुल्या नकाशावर तिनं बोडी निळ्या रंगात काढली, रुक्माबाईच्या सगळ्यात बाहेरच्या रेघेवरून. कोठून माहिती मिळाली, या रकान्यात लिहिलं: प्रत्यक्ष चालून.

त्यानं काही फरक पडला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लोकेंद्रनं पुढच्या दाराशी ऑटो आणून उभा केला. रुक्माबाई गाठोडं घेऊन मागच्या दारानं निघाली आणि वळसा घालून दुकानापुढे जाऊन उभी राहिली, ऑटो तिकडे न्यावा लागला. त्याला त्या दहा मिनिटांचाही राग आला. पाच वर्षांची रिंकू आजीच्या लुगड्याला धरून रडत होती.

"ओमे," रुक्माबाई हळूच म्हणाली, "रिंकूच्या हातात चपला दिसल्या तर तिच्यावर चिडू नोको. तिच्या मागं मागं ये."

ऑटो गेला. ओमेश्वरीला स्वतःची लाज वाटली. सिद्ध तर तिनं केलं होतं, आणि तरी तिनं म्हातारीला जाऊ दिलं होतं.

भादव्यातला दुसरा रविवार. ऊन रणरणत होतं. जेवणं झाली आणि लोकेंद्र पुढच्या खोलीत गार फरशीवर उघड्या अंगानं आडवा झाला. रिंकू मागे कुठेतरी खेळत होती. ओमेश्वरी स्वयंपाकघरात भांडी विसळून मोबाईलवर उगाच नकाशा बघत खिडकीशी उभी होती. या खिडकीशी मोबाईलला जागा नेहमी सापडायची. घरावर एक ठिपका यायचा. आज आला नाही. स्थान मिळत नाही, एवढंच लिहून आलं. तिनं मोबाईल बंद करून पुन्हा सुरू केला. तेच. पंखा चालू होता, पण त्याचा आवाज लांबून, जाड होऊन येत होता.

"मम्मी!"

मागच्या गल्लीत मुरमाचा ढीग होता. रिंकू त्याच्या टोकावर उभी होती. पाय उघडे, दोन्ही चपला हातात.

"घरात ये वं, ऊन्ह लागंल," ओमेश्वरी म्हणाली.

"मी नाही येत." पोर रडकुंडीला आली होती. "तू बाहेर ये न. तुया गळ्यापर्यंत आलं."

ओमेश्वरी खाली बघणार होती. बघितलं नाही. मागच्या दाराकडे ती चालू लागली, आणि पाऊल उचलायला जोर लागतोय हे तिला जाणवलं. पडवी, पायरी, अंगण. मुरमाच्या ढिगाशी पोचल्यावर तिला कळलं की आपण मोबाईल धरलेला हात डोक्याच्या वर, ताठ उंच धरून इथवर आलो आहोत. दंड दुखत होता. कपडे कोरडे होते.

रिंकूनं तिला घट्ट मिठी मारली. आता सरळ बस स्टँड गाठायचा, दवनीवाड्याची गाडी धरायची आणि मायच्या दाराची कडी स्वतःच्या हातानं काढायची, असं ओमेश्वरीनं ठरवलं. कोण काय म्हणेल याची तिला आता पर्वा उरली नव्हती.

"मम्मी," रिंकूनं कानाशी विचारलं, "पप्पा कुठी हायेत?"

पुढची खोली स्वयंपाकघरापेक्षा दोन पायऱ्या खाली होती. लोकेंद्रनंच तशी बांधली होती, बैठकीला शोभा येते म्हणून. आणि तो तिथे फरशीवर झोपला होता.

ओमेश्वरीनं मोबाईल रिंकूच्या हातात दिला. "इथून हलू नोको," ती म्हणाली. साडीचा पदर खोचून ती परत पडवीपर्यंत गेली. उंबऱ्याशी एक क्षण थांबली, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड घट्ट मिटून आत शिरली.