तिसरी शीळ

गिटारच्या वायरीचा जॅक, त्याचं टोक. पितळेचं, त्यावर दोन काळे पट्टे, आणि पट्ट्यांच्या मधे त्याच्याच अंगठ्याचा ठसा, पुसला तरी पुन्हा उमटणारा.

पॅच एकशे चौदा : हा नाय.

सरळगावच्या नाक्यावर पेरू कापणारी बाई. सुरीच्या पात्याला चिकटलेलं मीठ-तिखट.

बास तीन, मिड सात, ट्रेबल चार.

माणसाच्या एका हातात सत्तावीस हाडं असतात, हे एक्स-रे काढणाऱ्याने सांगितलं होतं, न विचारता.

रिकाम्या बाटलीला हातातून सुटायला किती वेळ लागतो…

"चालू असताना कोणी बोलायचं नाही."

यातलं शेवटचं तेवढं आपण मोठ्याने बोललो, हे समोरच्या माणसाने मान हलवली तेव्हा प्रणितला कळलं. समोर चंदर होता. टोकावड्याच्या पुढे, रस्त्यापासून आत, चंदरच्या घराच्या पडवीत प्रणित उकिडवा बसला होता, दुपारचा, उन्हात शहापूरहून मोटरसायकल हाणत आलेला. एका बाजूला कांद्याचा ढीग. दुसऱ्या बाजूला युरियाच्या गोण्यांखालून ओढून काढलेला अँप : लाकडी पेटी, जाळीचं कापड लोंबलेलं, आत वॉल्व्ह, शहापूरच्या एका रेडिओवाल्याने धम्मपालला हाताने बनवून दिलेला. नऊ वर्षं तो इथे होता. नवरात्रात आरतीचा माईक त्यावर चालायचा म्हणे. आणि दोघांच्या मधे प्रणितचा प्रोसेसर, पायाने दाबायच्या सहा बटणांचा, ज्याच्या पोटात दोनशे अँपचे आवाज आहेत असं खोक्यावर छापलं होतं. दोनशे. त्यांत हा नव्हता.

धम्मपाल म्हणजे प्रणितचा मोठा भाऊ. उजवा हात मोडलेला, म्हणजे गिटारचा पिक धरायचा हात, आणि तो मोडला याच अंगणात, चंदरने, मांडवाच्या बांबूने. (हे असं एका ओळीत सांगता येतं. मी गेली नऊ वर्षं एका ओळीतच सांगतो. विचारणारा हळहळतो, आणि पुढचं विचारत नाही.)

धम्मपालची एक रीत होती. हळद कुणाच्याही घरची असो, त्याची वाजवणारी पार्टी आधी बाबासाहेबांच्या गाण्याची एक चाल वाजवायची. दोन मिनिटं. "मग तुमी सांगाल ते, पहाटेपर्यंत," असं तो यजमानाला हसून सांगायचा, आणि यजमान बहुतेक हसून मान डोलवायचे. इथे, चंदरच्या बहिणीच्या हळदीला, दिवस मावळताना, कुणीतरी म्हणालं होतं, हिते ती चाल नको. धम्मपालने डोळे मिटले आणि सुरू केली. कुणीतरी वायर उपटली. कुणीतरी एक शब्द उच्चारला — तो शब्द. मग बाटली. मग बांबू.

आता पार्टी पुन्हा उभी राहत होती, प्रणितच्या गिटारवर, आणि या उन्हाळ्यातल्या हळदी ठरत होत्या. चार महिने तो प्रोसेसरवर आवाज बनवत होता, एकेक पॅच. आधी हेडफोन लावून. कानात ते इतके गोड लागायचे की अंगावर काटा यायचा, आणि अंगणातल्या स्पीकरच्या दोन मोठ्या पेट्यांवर टाकले की ढोलकीखाली चिरडून जायचे, नाहीतर डासासारखे गुणगुणायचे. मग तो शिकला. जेवढ्या जोरात वाजवायचं तेवढ्याच जोरात बनवायचं, बास कापायचा, मिड चढवायचा, वरची सुरसुर छाटून टाकायची. पार्टीतली पोरं म्हणाली, भाऊ, कडक. धम्मपाल ओट्यावरच्या खाटेवरून म्हणायचा, "हा नाय." एकशे चौदा वेळा. आणि एकशे चौदाव्याला पुढचंही बोलला : "त्या चालीला तो आवाज लागतो. नसंल तर ती वाजवू नको. नुसत्या हळदी पीट."

म्हणून प्रणितने चंदरला फोन केला होता. चंदर हसला. "ये की. आवाजच न्यायचा ना? पेटी नाय ना?"

आवाजच. प्रोसेसर अँपला आपल्या शिट्ट्या पाठवतो, खर्जातून वर वर चढत जाणारी एक लांब शीळ, मग खरखर, मग ठोके. अँप त्या कशा परत देतो ते माईकमधून ऐकतो आणि त्याचा स्वभाव शिकून घेतो. या कॅप्चरला चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ माईकसमोर दुसरा आवाज नको.

माईकच्या स्टँडचा तळ ओतीव लोखंडाचा होता. तीन किलो तरी. दांडा वर धरायचा, उलटा, कुदळीसारखा… पहिला घाव चंदरच्या कानाच्या वर, जिथे केस विरळ झालेत तिथे, दुसरा खाली पडताना, तिसरा पडल्यावर, आणि मग मोजायचं नाही, मोजणं त्यानेही सोडलं होतं त्या दिवशी. कांद्याच्या टरफलांवर रक्त कसं दिसेल. टरफलं तशीही लालच. प्रणितने स्टँडचा पेच घट्ट केला. माईक स्पीकरच्या मधोमध नाही, जरा कडेला, चार बोटं अंतरावर ठेवला.

त्याने बटण दाबलं.

खर्ज. पडवीचा पत्रा किंचित हलला. शीळ वर चढू लागली, गायीच्या हंबरण्यातून कुत्र्याच्या केकाटण्यात, त्याच्याही वर, सुईच्या टोकासारखी — आणि चंदरने डावा कान तळहाताने दाबला.

"हीच," तो म्हणाला. "आयला, हीच ती."

"बोलू नका म्हटलं होतं."

"हीच वाजते रे माज्या या कानात. नऊ वर्षं. दुसऱ्या कोणाला जातच नाय ऐकू. डॉक्टर बोलला, मनाचा हाय. मनाचा?"

प्रोसेसरच्या पडद्यावर लाल अक्षरं आली. कॅप्चर फुकट.

चंदरची बायको, चंद्रकला, चहा घेऊन आली. "त्यांच्या डाव्या अंगानं बोलू नको रे भाऊ," ती म्हणाली, "ती बाजू बंद हाय. मला शिव्या द्यायच्या आसल्या ना, मी तिकडंच बसतं."

"सगळ्या ऐकू येतात," चंदर म्हणाला.

"मंग सुदारला का नाय?"

चहा चांगला होता, आलं घातलेला. प्रणितला तो चांगला लागला याची चीड आली. चंदरच्या कानामागून मानेपर्यंत एक पांढरा व्रण गेला होता, काचेचा. त्याच्याकडे पाहायचं नाही असं ठरवून प्रणित त्याच्याकडेच पाहत होता.

"घे आवाज," चंदर म्हणाला. बायको आत गेली होती. "अख्खा घे. मी हूं नाय करनार. पण आदी एक सांग. बाटली कोणी मारली?"

— पत्र्याच्या क्रेटमधली, सोड्याची, तळाला दोन थेंब. प्रणित सतरा वर्षांचा, मिक्सरजवळ उभा, त्याचं काम फक्त वायरींवर लक्ष ठेवण्याचं. वायर उपटली गेली ती त्याच्याच डोळ्यांदेखत. मग तो शब्द, कुणाच्या तोंडून ते आजही माहीत नाही, बहुतेक चंदरच्या नाहीच. हाताला काच थंड लागली. नेम धरला नव्हता. मी नेम धरला नव्हता, मी त्या शब्दाच्या दिशेने फेकली, आणि शब्दाच्या वाटेत एक कान आला. मग प्रणितने काय केलं, तर स्टँडवरची दुसरी गिटार उचलली, पोराला छातीशी धरावं तशी धरली, आणि पळाला. बांधाच्या पलीकडे आडवा पडून त्याने बांबू पडताना ऐकला. पाच. सहा. एकसारख्या लयीत. धम्मपाल ओरडत नव्हता, आणि ते ओरडणं नसणं —

"बोल ना," चंदर म्हणाला. "आता काय, केस नाय, काय नाय. नुसता म्हायती पायजे."

मी, असं म्हणायला एक अक्षर लागतं. ते तोंडात आलंही. ते बोललं तर हा माणूस उठेल. किंवा उठणार नाही, नुसता म्हणेल, नीघ. अँप पुन्हा गोण्यांखाली जाईल, आणि धम्मपाल खाटेवरून म्हणेल, हा नाय, हा नाय, हा नाय.

"धम्मपालनं," प्रणित म्हणाला.

दादा म्हणाला नाही. परक्यासारखं नाव घेतलं.

चंदरने श्वास सोडला. लांब, खोल. त्याचे खांदे खाली आले.

"मलाबी तेच वाटला व्हता," तो म्हणाला. "समोर तोच व्हता ना. पण पाठ टेकली का डोक्यात यायचा, चुकीच्या मानसाचा तर नाय मोडला? नऊ वर्षं, बघ. म्हंजे हात बरोबर मोडला."

बरोबर मोडला.

प्रणितने कप खाली ठेवला. स्टँडचा दांडा त्याच्या मुठीत होता, मूठ कधी वळली ते कळलं नव्हतं. हा माणूस आज शांत झोपणार. या माणसाची नऊ वर्षांची टोचणी मी आत्ता माझ्या हाताने काढली, पायातला काटा काढावा तशी, आणि वर त्याचा चहा प्यायलो. उचल. एकदाच उचल. कवटी फुटायला फार जोर लागत नाही, नारळाला लागतो तेवढा… त्याने दांडा सोडला आणि बटण दाबलं.

दुसऱ्यांदा चंदरने शब्द पाळला. खांबाला टेकून, डोळे मिटून बसला. शीळ वर गेली तेव्हा त्याचा जबडा आवळला गेला, इतकंच. खरखर. ठोके. पडद्यावर हिरवी खूण उमटली. झालं होतं. आवाज आला होता, अख्खा, एक डाग न पडता.

"झाला?" चंदरने विचारलं.

"अजून एकदा लागेल," प्रणित म्हणाला.

लागणार नव्हतं. त्याने अँपच्या आवाजाचं बटण चारवरून आठवर नेलं. चंदरने पाहिलं, पण त्यातलं त्याला काही कळत नव्हतं. त्याने पुन्हा खांब धरला, शहाण्या रोग्यासारखा.

तिसरी शीळ.

पत्रा थडथडला. आतून चंद्रकला काहीतरी म्हणाली, आवाजात बुडालं. कोंबड्या अंगणातून पांगल्या. शीळ चढली, आणि चंदरचं तोंड उघडलं, आवाज न करता, कारण त्याने शब्द दिला होता. मानेची शीर दोरीसारखी उठली. डाव्या डोळ्यातून पाणी व्रणाकडे ओघळलं. प्रणित बघत होता. प्रोसेसरचं बटण हाताखाली होतं, दाबलं की थांबलं असतं. मी बघत होतो. मला पोटातून ऊब वर येताना कळत होती, आंघोळीचं पाणी अंगावर पडावं तशी, आणि मी मोजत होतो, पाच, सहा, एकसारख्या लयीत.

हिरवी खूण.

निघताना चंद्रकलाने पिशवीभर कांदे दिले. "भावाला दे," ती म्हणाली. चंदरने उजवा कान पुढे करून विचारलं, "आला ना नीट?" प्रणित म्हणाला, "आला."

सरळगावच्या अलीकडे त्याने गाडी आंब्याखाली लावली. डावीकडे सिद्धगडाचा डोंगर उन्हात पांढुरका झाला होता. त्याने प्रोसेसर पॉवर बँकला जोडला, हेडफोन घातला, पाठीवरची गिटार काढली, आणि खर्जाची तार छेडली.

तो होता.

तार सुटली आणि तिच्या मागे काहीतरी फाटलं — कापड नव्हे, घसा फाटावा तसं, बारीक, कडेकडेने, आणि मग सूर त्या फटीतून बाहेर आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. दोनशे अँपमध्ये ते फाटणं कुठेच नव्हतं, आणि एकशे चौदा पॅचमध्ये त्याने ते गेनचं बटण चढवून शोधलं होतं, म्हणजे चुकीच्या जागी. पडवीत माईक लावताना लोंबत्या कापडाच्या आत त्याला दिसलं होतं : स्पीकरचा कागद चिरलेला. त्याने लगेच ओळखलं होतं. चंदरचा बूट. बांबू झाल्यावर त्याने पेटीलाही लाथ घातली असणार. म्हणजे हा आवाज त्या लाथेचा. आधीही तो असाच फाटायचा का, हे त्याने आठवून पाहिलं नाही. भावाला विकून आणला तो हा. धम्मपाल ऐकेल, मान खाली घालून, आणि म्हणेल, हा.

पुसून टाकावा. त्याने दोन्ही कॅप्चर लागोपाठ लावून पाहिले. दुसऱ्या शिळेचा शांत होता, खरा, धम्मपालसारखा. तिसऱ्याचा… आठवर वॉल्व्ह तापले होते, कागद जीव खाऊन हलला होता. तिसरा जिवंत होता. पहिल्या सुराला मानेवर हात पडल्यासारखा. असा टोन त्याने कधी बनवला नव्हता, आणि यापुढे कधी बनवणार नव्हता. नेहमीची चीड त्याने आत शोधली, जिभेने दुखरा दात शोधावा तशी. ती जागेवर नव्हती. तिथे एक हात होता, बटणाजवळ ठेवलेला, सुस्त, पोट भरलेला.

त्याने दुसरा पुसून टाकला.

मग त्याने ती चाल वाजवली, दोन मिनिटांची, अख्खी. बाहेर कुणाला ऐकू जात नव्हतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसला असेल तो आंब्याखाली बसून मुक्या तारा ओढणारा एक माणूस. संपली. त्याने पुन्हा सुरू केली. घरी जायला उशीर होत होता, पण बोटं थांबत नव्हती.

स्पीकरचा कागद धम्मपालने स्वतः ब्लेडने चिरला होता, याच फाटक्या आवाजासाठी, त्या हळदीच्या दोन वर्षं आधी, एका रविवारी, तीन सरळ रेघांत. प्रणित तेव्हा शाळेच्या सहलीला गेला होता.