लीलंडला गाडीत घेतलं तो दिवस

जुन्या मोटारींच्या क्लबच्या अधिवेशनात तिसऱ्या दिवशी सहल होती. सकाळी साडेआठला ओहायोतल्या त्या हॉटेलच्या आवारात साठ-सत्तर जुन्या गाड्या धूर सोडत उभ्या होत्या, आणि वर्ना हॉस्टेटलरच्या १९३१च्या फोर्डपाशी लीलंड क्रेब्ज बायकोला घेऊन उभा होता. त्याची स्वतःची गाडी आदल्या दिवशी बंद पडली होती.

"सहलप्रमुख म्हणाला, तुझ्याकडे जागा आहे."

"जागा आहे. बोलावणं नाही," वर्ना म्हणाली.

पण तोवर त्याची बायको मॅक्सीन निमूटपणे मागच्या बाकावर जाऊन बसली होती, आणि चारचौघांत तिला उतरवायचं वर्नाच्या जिवावर आलं. लीलंड पुढे बसला.

नऊ वर्षांपूर्वी अशाच अधिवेशनात लीलंड मूळ रूपातल्या गाड्यांच्या स्पर्धेचा परीक्षक होता. समारोपाच्या जेवणात दोनशे माणसांसमोर माइक हातात घेऊन त्याने जाहीर केलं, की ऑर्व्हिल हॉस्टेटलरच्या इंजिनावरचा नंबर मूळचा नाही, मागाहून ठोकलेला आहे. ऑर्व्हिलने, वर्नाच्या नवऱ्याने, त्याच दिवशी क्लब सोडला. घरी येऊन गाडीवर ताडपत्री टाकली, ती तो जाईपर्यंत निघाली नाही. त्याच्या माघारी, एकाहत्तराव्या वर्षी, वर्ना तीच फोर्ड चालवायला शिकली.

आवाराबाहेर पडतानाच गिअर करकरला.

"क्लच पूर्ण दाब," लीलंड म्हणाला.

"आधी तू तोंड दाब."

वर छप्पर असलेल्या जुन्या लाकडी पुलावर सगळे फोटो काढायला उतरले. वर्ना स्टिअरिंग धरून बसून राहिली. पुढे चीजच्या कारखान्यात मंडळी चव बघायला ठेवलेले तुकडे तोंडात टाकत फिरत होती. वर्ना रांगेत उभी असताना पलीकडून लीलंडचा आवाज आला, मुद्दाम चढवलेला.

"आज मी नकली गाडीतून फिरतोय बरं का! नंबर पाहायचाय कुणाला?"

दोघं-तिघं हसले. एकाने वर्नाला पाहिलं आणि चटकन मान फिरवली. वर्नाने हातातला चीजचा डबा परत फळीवर ठेवला आणि बाहेर येऊन गाडी सुरू केली. नवरा-बायको धावतपळत येऊन बसले.

तीन मैलांवर चढ संपला, तिथे तिने गाडी रस्त्याकडेला घेतली.

"तो नंबर ऑर्व्हिलनेच ठोकला होता," ती समोर बघत म्हणाली. "मूळचं इंजिन थंडीत तडकलं. दुसरं बसवलं आणि त्यावर जुना नंबर घातला. दिवा मी धरला होता."

लीलंडला जोर चढला. "म्हणजे मी खरं बोललो होतो! आणि नऊ वर्षं तू मला शिव्या घालतेस?"

"खरंच बोललास. पण नंबर तू सकाळी नऊला पाहिलास. दिवसभर तो तुझ्यासमोर होता. बाजूला घेऊन सांगितलं असतंस तर त्याने आपणहून नाव मागे घेतलं असतं. तू माइकची वाट बघितलीस."

"नियम म्हणजे नियम."

"उतर."

"काय?"

"सहलीच्या मागून दुरुस्तीचा ट्रक येतोय. त्यात बस. उतर, लीलंड."

त्याने मागे वळून बायकोकडे पाहिलं. मॅक्सीन म्हणाली, "तू उतरल्याशिवाय मला पुढे येता येत नाही."

तो उतरला. मॅक्सीन अवघडत बाहेर आली आणि पुढच्या सीटवर बसली. "मी क्लबच्या मंडळाकडे तक्रार करीन!" तो रस्त्यावरून ओरडला.

"कर. नंबर ठोकल्याचंही लिही. मी सही करते," वर्ना म्हणाली आणि निघाली.

गाडी उताराला लागली. मग मॅक्सीन म्हणाली, "त्या जेवणात मीही हसले होते, वर्ना. मला फार..."

"पाहिलं होतं मी."

घड्याळांच्या संग्रहालयापाशी वर्नाने गाडी लावली. मॅक्सीनला वाटत होतं, आता दोघी मिळून आत जातील. वर्नाने किल्ली काढून पर्समध्ये टाकली.

"परत जायला क्लबची बस आहे," ती म्हणाली. "चारला सुटते."

आणि एकटीच तिकीट काढून आत गेली.  मन जराही हलकं झालं नव्हतं, आणि व्हावं असं तिला वाटतही नव्हतं.