एकदम उतरवलेली दोन हजार पुस्तकं

फुकट मिळणाऱ्या वस्तूवर आल्बिना टीचरांचा काडीचा विश्वास नव्हता. त्या सांभाळत असलेल्या देवबागच्या वाचनालयाला टॅब मिळाला, कुणीतरी फुकट ई-पुस्तकांची वेबसाइट सुचवली, तेव्हाही त्यांच्या मनात पाल चुकचुकली. प्रत्येक पुस्तकाला वेगळं पान, त्यावर माहिती, मग डाउनलोडचं बटण. एवढे सोपस्कार कशाला? आपण काय वाचतो यावर नक्कीच कुणाचा तरी डोळा असणार. आणि उद्या पैसे मागितले तर? खाली ‘सर्व पुस्तके एकत्र’ असं बटण दिसताच त्यांनी ते दाबलं आणि दोन हजार पुस्तकं टॅबमध्ये कोंबली. आता कोण काय वाचतं ते कळायचं नाही, आणि पैसे मागायच्या आत सगळीच आपली! बसा म्हणावं हात चोळत.

पहिली वाचक आली यशोदा. पर्यटकांच्या खानावळीत ती रांधते. सातवीत शाळा सुटली, पण वाचायची हौस सुटली नव्हती. तीन दुपारी ती नुसती यादी सरकवत राहिली. चौथ्या दुपारी तिने टॅब टेबलावर ठेवला.

“टीचर, उद्यापासून मी येवचंय नाय.”

“कित्याक? त्या साइटीन तुझो नंबर मागितल्यान काय?”

“कोणी कायएक मागूक नाय. माझ्यान वाचना जमाचा नाय, बस्स.” यशोदाने यादीवर बोट ठेवलं. “तुमी ह्यातला एक तरी उघडून बघलात?”

टीचरांनी टॅब आपल्याकडे ओढला, पण यशोदा थांबली नाही.

“रापणीचा जाळा वोडला म्हणान सगळी मासळी तशीच घराक नेतत? किनाऱ्यार बसान निवडतत, मगे वाटे घालतत. तुमी निवडूक इसारलात, आणि माका वाटला, माकाच वाचूक येणा नाय.”

टीचरांना हे फार लागलं. त्यांनी वेबसाइट पुन्हा उघडली आणि पहिल्यांदाच नीट वाचली. पुस्तकं फुकट द्यायला लेखकांची परवानगी होती. नाव नाही, नंबर नाही, काहीच विचारलं नव्हतं. ज्या पानांवर त्यांनी संशय घेतला, त्यांवर पुस्तकात काय आहे आणि ते कुणाला झेपेल एवढंच लिहिलं होतं. निवडायला मदत म्हणून!

दोन हजार पुस्तकं त्यांनी पुसून टाकली. मग यशोदाला शेजारी बसवून एकेक पान वाचलं. अकरावं पान खाडीतल्या पक्ष्यांवरच्या पुस्तकाचं होतं, मोठ्या अक्षरातलं. यशोदाने तेवढंच उतरवायला सांगितलं आणि तिथेच अडखळत, मोठ्याने वाचायला लागली. खानावळीत चहाची वेळ टळून गेली तरी ती उठली नाही.

वाचकहो, संशय घ्यायचाच तर आधी आपल्या हावेचा घ्या. ढीगभर पुस्तकं साठवून कुणी वाचक होत नाही. एकच निवडा, पण आपलं म्हणून निवडा.