वरच्या तारा

सरांच्या प्रयोगशाळेत एक नियम होता: शीतयंत्राच्या वरच्या तारांना कुणी बोट लावायचं नाही. त्या सरांनी चौदा वर्षांपूर्वी स्वतः जोडल्या होत्या. पुढे ते मोठे झाले, समित्यांवर गेले, आणि हातातून पेचकस सुटला तो सुटलाच. पण पाहुणा आला की "वरचं सगळं माझ्या हातचं बरं का," हे ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे. यंत्राला मुलं सासूबाई म्हणत, कारण एकदा तापलं की चार दिवस थंड होत नसे.

सासूबाईंच्या पोटात दोन चिपा शेजारी शेजारी बसत. पहिली सरांनी शोधलेल्या धातूची, दुसरी तुलनेसाठी विकत आणलेली. सरांच्या चिपमध्ये क्वांटम अवस्था दसपट टिके. दर महिन्याला नवी बनवून घातली तरी आकडा तोच. "याला म्हणतात सातत्य!" सर टेबलावर थाप मारून म्हणत. विकतची मात्र जागची हललीही नव्हती, तरी दर महिन्याला नवे रंग दाखवी. बाजारचा माल, म्हणून सगळे हसत. त्या सातत्यावर सरांचं नाव झालं, पाच जणांना डॉक्टरेट मिळाली, आणि सोमवारी सरांना नव्या क्वांटम केंद्राचं संचालकपद मिळायचं होतं.

शुक्रवारी वरची एक तार तुटली. सरांची पहिली विद्यार्थिनी आणि आता उजवा हात, जिला सगळे मुंगी म्हणत, तिनं झाकण उघडलं आणि सरांना बोलावलं.

"सर, तारांवरच्या एक आणि दोनच्या चिठ्ठ्या उलट्या लागल्यात."

सरांनी चष्मा पुसला. तारेवर बोट ठेवून ते खालपर्यंत गेले. 'एक' लिहिलेली तार दुसऱ्या चिपला जाऊन मिळत होती. चौदा वर्षं ते विकतच्या चिपचे गोडवे गात होते. आकडा बदलत नव्हता, कारण ती चिप कुणी बदललीच नव्हती. हसं झालं होतं ते त्यांच्या धातूचं.

"माझ्या प्रबंधातले आकडे?" मुंगीनं विचारलं.

"खरे आहेत गं. एकूण एक खरे. फक्त आपले नाहीत."

मुंगीनं दार लोटून घेतलं. "दोन मिनिटांचं काम आहे, सर. चिठ्ठ्या बदलते. कुणाला कानोकान खबर लागणार नाही."

सरांना ते हवं होतं, अगदी जिवापाड हवं होतं. ही चूक निदान दुसऱ्या कुणाची तरी निघावी म्हणून त्यांनी चिठ्ठी उजेडात धरली. एकाच्या आकड्याला लांब शेपूट होती, ते काढत तशी.

मग ते बसले आणि नियतकालिकाला पत्र लिहिलं: शोध मागे घेत आहे, चूक माझी एकट्याची. दुसरं निवड समितीला. दोन्ही पाठवून झाल्यावर त्यांना कळलं, की 'एकट्याची' लिहून पाच जणांपैकी एकाचीही डॉक्टरेट वाचत नाही. मुंगी पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

मग वळून तिनं विचारलं, "आता लावू का चिठ्ठ्या नीट?"

"लाव," सर म्हणाले. "पण तुझ्या अक्षरात."