बादलीभर पाऊस

मी चित्रकला शिकवते आणि आमचे हे भूगोल. एकाच शाळेत. लोकांना वाटतं, काय मजा असेल, येणं-जाणं एकत्र, डबा एकत्र. मजा कसली डोंबलाची! घरी भांडण अर्धवट राहिलं की ते शाळेत पूर्ण करावं लागतं, तेही पोरांसमोर, गोड आवाजात.

यंदाचं भांडण नकाशावरून होतं. यांच्या डोक्यात आलं की पाचवीच्या पोरांनी आपल्या भागाचा उठावाचा नकाशा करायचा. कागदाचा लगदा, खळ आणि रंग. हॉलमधली टेबलं जोडून एका टोकाला डोंगर, मध्ये बाजारपेठ, त्यातून जाणारी नदी आणि दुसऱ्या टोकाला नदी जिथे पसरते तो सपाट भाग.

"ज्याने त्याने आपण जिथले तिथलं करायचं," हे म्हणाले. "घरं, कामधंदे, जनावरं, सगळं. आणि शेवटी, शनिवारच्या प्रदर्शनात, पालकांसमोर डोंगरावर पाणी ओतायचं. नदी नीट वाहिली तर नकाशा पास."

"पाणी किती?"

"एक पेला. प्रमाणात तेवढंच बसतं."

"एक पेला? अहो, मागच्या रांगेतल्या पालकांना काय दिसणार, कपाळ? झारी घ्या."

पेला की झारी, यावर आम्ही बरेच दिवस बोलत होतो. म्हणजे मी बोलत होते, हे वर्तमानपत्राच्या मागे होते.

गट पाडले. डोंगराकडची पोरं भरपूर, बाजारपेठेतली त्याहून जास्त. खालच्या सपाट भागातली मात्र एकटीच. तिला वर्गात मुकीबाई म्हणायचे. त्यावरून मी दोन-तीन जणांची चांगली खरडपट्टी काढली, पण नाव काही सुटेना, कारण पोरगी खरंच बोलत नव्हती. शाळा उघडल्यापासून एक शब्द नाही. काही विचारलं की मान हलवायची, आणि ती हो म्हणतेय की नाही, हेसुद्धा धड कळायचं नाही.

तिच्या गावात शाळा चौथीपर्यंतच, म्हणून आईने तिला इथे मावशीकडे ठेवलं होतं. मावशी शिवणकाम करते. माझे कपडे तिच्याकडेच असतात. त्या आठवड्यात मी माप द्यायला गेले, तर बाईने टेप माझ्या खांद्याला लावली आणि तिथेच थांबली.

"बाई, घरीही बोलत नाही हो. जेवते, अभ्यास करते, खिडकीत बसते. बहिणीची पोर माझ्याकडे येऊन अशी कोमेजली तर मी तिला काय तोंड दाखवू? शनिवारी तुमचं ते प्रदर्शन झालं की हिला घरी पोचवून येते."

"आणि शाळा?"

"शाळा संपली मग. तिथे पाचवी आहेच कुठे?"

"तिला विचारलंत?"

"विचारलं. मान हलवली."

शाळेचं फाटक उघडायच्या आधी ही पोरगी फाटकाशी उभी असते. वर्गातल्या निम्म्या पोरांना शाळा सुटली तर पेढे वाटावेसे वाटतील, आणि सुटणार कोणाची, तर हिची! घरी येऊन मी यांच्यावर चिडले. यांचा काही संबंध नव्हता, पण हे समोर होते.

"शनिवारपर्यंत वेळ आहे," हे म्हणाले.

"तोवर काय जादू होणार आहे?"

यांनी वर्तमानपत्र उघडलं.

नकाशाचं काम मात्र काय रंगलं म्हणून सांगू! हॉलभर लगदा. पोरांच्या केसांत लगदा, यांच्या चष्म्यावर लगदा. डोंगराच्या गटाने मातीच्या शेळ्या केल्या, इतक्या की डोंगर दिसेना. बाजारपेठवाल्यांनी पुठ्ठ्याचा घड्याळाचा मनोरा उभारला, तो डोंगरापेक्षा उंच झाला. हे प्रमाण प्रमाण म्हणून ओरडत राहिले. कोणी ढुंकून बघेल तर शपथ! शेळी कुठे चरते, मनोरा कशाला बांधला, हे विचारलं तर कोणाला पत्ता नाही. "छान दिसतं म्हणून केलं, सर," हे एकच उत्तर. यांचा चेहरा अगदी एवढासा झाला. मला यांची दया आली, पण मी तसं दाखवलं नाही.

मुकीबाई आपल्या कोपऱ्यात एकटी काम करत होती. काडेपेटीच्या काड्या मेणात बुडवून तिने रोवल्या, आणि त्यांच्यावर इवलीशी घरं बसवली. प्रत्येक घराला पुढे रुंद ओटा.

"घरांना पाय फुटले! आता पळणार!" बाजारपेठवाले खिदळले.

मी त्यांना असं झापलं की दोघं जण टेबलाखाली गेले. ती मात्र मान खाली घालून पुढची काडी बुडवत होती.

शनिवारी हॉल गच्च भरला. पालक, आज्या, कडेवरची पोरं. मावशी दाराशी उभी होती, हातात पोरीची कपड्यांची पिशवी. म्हणजे इथूनच गाडी गाठणार होती. ती पिशवी बघून माझं कशातच लक्ष लागेना.

यांनी डोंगर, उतार, प्रवाह असं सगळं समजावलं. पहिल्या रांगेतले एक आजोबा छान झोपले. मग हे पेला घेऊन पुढे आले, मी झारी घेऊन पुढे आले, आणि आम्ही एकमेकांकडे बघत असतानाच आमचे हेडसर उठले.

"अहो, कार्यक्रम म्हटला की जरा दणका पाहिजे!" असं म्हणून त्यांनी लादी पुसायला भरून ठेवलेली बादली उचलली आणि सरळ डोंगरावर उपडी केली.

अगं बाई गं! आधी शेळ्या निघाल्या. त्यांच्या मागे डोंगराची एक बाजू निघाली. घड्याळाचा मनोरा आडवा होऊन होडीसारखा चालला, त्याच्यामागे दुकानं, पूल, झाडं. सगळं गोल गोल फिरत खाली गेलं आणि मुकीबाईच्या कोपऱ्यात जाऊन साचलं. हेडसर रिकामी बादली धरून उभे. पोरांनी भोकाड पसरलं. हे चष्मा काढून पुसायला लागले, म्हणजे यांना काही बघायचं नव्हतं. आणि सगळी पोरं एकदम आपापलं उचलायला त्या कोपऱ्याकडे धावली.

"कोणी हात लावायचा नाही!"

धावणारी पोरं जागच्या जागी थबकली. मला आधी कळेचना की हा खणखणीत आवाज कोणाचा. मुकीबाई स्टुलावर उभी होती, दोन्ही हात पसरून. तिच्या मागे पाण्यात तिची घरं उभीच्या उभी होती. एकाही काडीला धक्का नाही.

"असं ओढायचं नसतं," ती म्हणाली. "आमच्याकडे दर पावसाळ्यात असंच येतं. वरच्यांची भांडी, लाकडं, खुर्च्या. एकदा शेळी आली होती, जिवंत. आम्ही सगळं ओट्यावर मांडून ठेवतो. मग मालक शोधत येतात. त्यांनी खूण सांगायची. खूण पटली की द्यायचं."

"आणि नाही पटली तर?" कोणीतरी विचारलं.

"तर चहा द्यायचा आणि परत पाठवायचं. रांग लावा."

आणि लागली हो रांग! मी इतकी वर्षं घसा फोडतेय, माझ्यासाठी कधी लागली नाही. ती एकेक वस्तू पाण्यातून काढून बाकावर मांडायला लागली.

डोंगराकडचा एक जण पुढे आला. "ही शेळी माझी."

"कशावरून?"

"पांढरी आहे."

"पांढऱ्या सगळ्याच आहेत. ही चरते कुठे?"

पोरगं गडबडलं. तेवढ्यात मागून त्याची आजी ओरडली, "अरे, सावलीच्या उतारावर म्हण! तिथलं गवत उशिरा वाळतं!"

"पटली," मुकीबाईने शेळी दिली. "पुढचा."

बाजारपेठवाल्यांना मनोरा हवा होता. तो कशासाठी बांधला, ते आधी सांगा, म्हणाली. त्यांना कुठलं येतंय? मग झोपलेले आजोबा जागे झाले. पूर्वी नदीवरून माल यायचा, आणि होड्या कधी सुटणार हे लांबून कळावं म्हणून तिथे घड्याळ लावलं, असं त्यांनी अख्ख्या हॉलला सांगितलं. मग दुसरे आजोबा म्हणाले, साफ चूक, ते आगीची खबर द्यायला होतं. दोघांची जुंपली. मुकीबाईने दोघांनाही लटका चहा पाजला आणि मनोरा ठेवून घेतला. लोक हसून हसून बाकांवर आडवे झाले. आया पुढे येऊन आपल्या पोरांच्या कानात खुणा सांगत होत्या, आणि पोरं त्या मोठमोठ्याने म्हणून दाखवत होती. हेडसरांची बादलीही तिने बाकावर मांडली होती, ती मागायला तेसुद्धा रांगेत उभे राहिले. हे ओल्या चष्म्यातून नुसते बघत होते. "अगं, बघ ना," एवढंच म्हणत होते. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांदेखत यांचा हात धरला.

आणि मग रांगेत शेवटी मावशी दिसली. पिशवी छातीशी धरलेली, डोळे लाल.

"ओ बाई," मावशी म्हणाली, "माझंही काहीतरी इथे वाहून आलंय."

मुकीबाईने तिच्याकडे बघितलं. हसली नाही. काम म्हणजे काम. "खूण सांगा."

"दहा वर्षांची मुलगी. दोन वेण्या. कामाला चोख. आवाज कसा आहे ते मात्र मला ठाऊक नव्हतं बघा, आजच ऐकला."

पोरीने खालचा ओठ दातांत धरला. मग ती स्टुलावरून उतरली, मावशीच्या हातातली पिशवी घेतली आणि आपल्या घरांशेजारी, बाकावर, बाकीच्या सामानात नीट मांडून ठेवली.

"खूण पटली," ती म्हणाली. "मुलगी घेऊन जा. पण सोमवारी शाळेत परत आणून द्यायची. रोज."

"आणते गं बाई," मावशी म्हणाली, आणि तिला तिथेच उचलून घेतलं.